सभागृहाचे कान

गावात नवी इमारत उभी राहिली की माणसे ती आधी डोळ्यांनी मोजतात. जिना किती रुंद, फरशी किती गुळगुळीत, दारावरची कमान कुठल्या देवळावरून उचललेली, खर्च किती झाला आणि त्यातला भिंतीत किती गेला, ही चर्चा महिनाभर सहज पुरते. इमारत कानांनी मोजणारा माणूस मला आजवर एकच भेटला. आमच्या नगरपरिषदेच्या नव्या सभागृहात ध्वनियंत्रणा बसवायला आलेला तो एक तरुण अभियंता होता. आल्या आल्या त्याने नकाशा उलगडला नाही की टेप काढली नाही. सभागृहाच्या मधोमध तो उभा राहिला आणि त्याने एक खणखणीत टाळी वाजवली. ती टाळी छताला गेली, काचेवर आपटली, ग्रॅनाइटवरून घसरली, आणि बराच वेळ कुठल्या तरी कोपऱ्यात घुटमळत राहिली.

"मॅडम, इथे बासरी छान वाजेल," तो मला म्हणाला, "सभा मात्र होणार नाही."

मी तिथे कशी, असे वाचकांना वाटेल. मराठीच्या प्राध्यापिकेला गावात दोन प्रसंगी बोलावणे येते: लग्नपत्रिकेचा मजकूर तपासायला आणि सरकारी पाटीवरचे ऱ्हस्वदीर्घ पाहायला. हे बोलावणे दुसऱ्या प्रकारचे होते. यंत्रांबरोबर आलेल्या माहितीपुस्तिका इंग्रजीत होत्या, आणि सभागृहातली प्रत्येक कळ, प्रत्येक पाटी मराठीत हवी असा मुख्याधिकाऱ्यांचा आग्रह होता. आग्रह उत्तम होता, म्हणून मी गेले.

गंमत अशी की, त्या वेळी त्या सभागृहात बोलणारे कुणी नव्हतेच. आमच्या नगरपरिषदेची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली. आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, निवडणुका लांबत गेल्या, आणि राज्यातल्या इतर कितीतरी गावांप्रमाणे आमच्याकडेही प्रशासकांचा कारभार सुरू झाला. मुख्याधिकारी तेच प्रशासक. ठराव मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच. अशा काळात एकेका आसनासमोर बगळ्याच्या मानेसारखे लवचीक ध्वनिक्षेपक बसत होते. रिकाम्या खुर्च्यांपुढे माना वाकवून उभे असलेले ते बगळे पाहिले की तळे आटलेले असूनही मासा येईल म्हणून थांबल्यासारखे वाटत.

पहिली अडचण शब्दांचीच आली. 'ध्वनिक्षेपक' म्हणजे काय? आमच्या गावात निम्मे लोक माइकला ध्वनिक्षेपक म्हणतात, निम्मे कर्ण्याला. खरे म्हणजे आवाज उचलतो तो ध्वनिक्षेपक आणि मोठा करून सोडतो तो ध्वनिवर्धक, असा व्यवहारात भेद करणे सोयीचे. कर्ण्याची तर आणखी मौज आहे. शब्द ऐकून संस्कृतातला कर्ण आठवतो, पण हा कर्णा फारसीतून आलेला, एक लांबलचक वाद्य. कानाशी त्याचे नाते नाही, तो नुसते तोंड आहे. सार्वजनिक जीवनातल्या पुष्कळ गोष्टींची नावे कानासारखी आणि वागणूक तोंडासारखी असते, त्याचा हा आद्य नमुना म्हणावा.

मराठीने हे शब्दांचे काम पूर्वी मन लावून केले आहे. 'महापौर' हा शब्द सावरकरांनी दिला आणि आज तो इतका रुळला आहे की तो कुणी मुद्दाम घडवला असेल हे सांगूनही खरे वाटत नाही. महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, १९६० साली, भाषा संचालनालय निघाले आणि १९६२ साली पदनाम कोश आला. त्या कोशाची पुष्कळ टिंगल झाली, पण त्यातले कितीतरी शब्द आपण आज टिंगल न करता वापरतो. तेव्हा कळांना नावे देणे हे काम मला क्षुल्लक वाटले नाही.

पण शब्द लावायचे कुठे? त्या टाळीने सगळाच घोटाळा केला होता. मी अभियंत्याला म्हटले, "आवाज मोठा करा म्हणजे झाले." तो हसला आणि त्याने मला एक गोष्ट सांगितली. ती मी मग वाचूनही पाहिली.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात फॉग कला संग्रहालयाची इमारत १८९५ साली नवी झाली. तिच्यातल्या व्याख्यानगृहात व्याख्यान समजेना. वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण पदार्थविज्ञान-शिक्षकाला विद्यापीठाने सांगितले, काही तरी करा. त्याने ऑर्गनची एक नळी आणि वेळ मोजायचे साधन घेतले आणि रात्रीच्या शांततेत, जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून मोजमाप सुरू केले. किती गाद्या ठेवल्या म्हणजे घुमणे किती कमी होते, हे तो मोजत राहिला. रिकाम्या खोलीत आवाज सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत होता. तेवढ्या वेळात वक्ता दहापंधरा शब्द पुढे गेलेला असतो, म्हणजे नव्या शब्दाच्या अंगावर जुन्या शब्दांचे ओझे पडत राहते. त्या रात्रींतून नियम निघाला: खोलीचे घनफळ जितके मोठे तितके घुमणे अधिक, आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या अधिक तितके घुमणे कमी. वास्तूतील ध्वनीचे शास्त्र तिथून सुरू झाले. बोस्टनचे प्रसिद्ध संगीत सभागृह १९०० साली याच सॅबाइनच्या सल्ल्याने उभे राहिले.

बोलणे समजायला हा रेंगाळ सेकंदाच्या आसपास असावा. आमच्या सभागृहात तो त्याहून कितीतरी जास्त होता. अशा खोलीत आवाज मोठा केला की घुमणेही तेवढेच मोठे होते, म्हणजे गढूळ पाण्यात आणखी पाणी ओतल्यासारखे. विजापूरचा गोल घुमट शाळेच्या सहलीत कुणी पाहिला नाही? घुमटाच्या आतल्या सज्जात भिंतीशी कुजबुजले की शंभर फुटांहून अधिक अंतरावर पलीकडे उभ्या असलेल्या मैत्रिणीला ऐकू जाते. पण चाळीस मुले एकदम बोलू लागली की गुरुजींचे 'खाली चला' कुणालाच कळत नाही. तिथे पोचत सगळेच असते, समजत मात्र काही नाही. मोहंमद आदिलशाहाच्या थडग्यावर हे शोभून दिसते. नगरपरिषदेत ते चालणार नाही.

इथे माझ्या विषयाचा मला अनपेक्षित उपयोग झाला. शब्दातले स्वर जड असतात, ते घुमत राहतात. व्यंजने हलकी, क्षणभर चमकून जाणारी. घुमणाऱ्या खोलीत स्वर उरतात आणि व्यंजने बुडतात. 'पाणी देणार' आणि 'पाणी नेणार' यांत एका व्यंजनाचा फरक, पण एका आळीचे वर्षभराचे नशीब त्यात असते. त्याहून अवघड गोष्ट मराठी वाक्याच्या घडणीतच आहे. आपला निकाल वाक्याच्या शेवटी असतो. 'प्रभाग क्रमांक अमुकमधील गटाराचे काम या आर्थिक वर्षात घेण्यात येणार' इथपर्यंत सगळे येते, आणि मग 'आहे' किंवा 'नाही'. नेमका त्याच ठिकाणी बोलणाऱ्याचा श्वास संपत आलेला असतो आणि आवाज खाली उतरतो. इंग्रजी वाक्यात नकार बहुधा क्रियापदाला चिकटून मध्येच येऊन जातो. मराठीत तो दाराशी निरोप घेताना येतो. म्हणजे वाईट सभागृहात मराठी माणसाला सगळे ऐकू येते, फक्त काय ठरले तेवढे ऐकू येत नाही.

हे मी मुख्याधिकाऱ्यांना सांगितले. ते गंभीर झाले, कारण अंदाजपत्रकात भिंतींना लावायच्या छिद्रांच्या लाकडी फळ्या, त्यांमागचा लोकरीसारखा थर आणि जाड पडदे ही बाब होती, पण ती 'नंतर पाहू' या सदरात गेलेली होती. पैसे समोरच्या भिंतीवरच्या भल्यामोठ्या दिव्यांच्या पडद्याकडे वळले होते. पडदा उद्घाटनाच्या छायाचित्रात येतो. भिंतीतली लोकर येत नाही. तरी मुख्याधिकारी समंजस निघाले. पडद्याची लांबीरुंदी थोडी आखडली आणि भिंतींना लोकर मिळाली. छायाचित्रात पडदा तरीही मोठाच दिसला.

मग ध्वनिवर्धकांकडे वळलो. मला वाटे, पुढे दोन मोठे कर्णे लावले की झाले. जत्रेत तसेच असते. अभियंत्याने समजावले की मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. म्हणून मागच्याला ऐकू यावे इतका आवाज वाढवला की पुढचा बहिरा होतो. त्यापेक्षा लहान लहान ध्वनिवर्धक पुष्कळ, प्रत्येक कानाजवळ एक, आणि तोही हलक्या आवाजात. लंडनचे हाउस ऑफ कॉमन्सचे सभागृह १९४१ च्या मे महिन्यात बॉम्बने जळाले. ते पुन्हा बांधून १९५० साली उघडले, तेव्हा तिथे बाकांच्या पाठीतच छोटे ध्वनिवर्धक बसवले. सदस्य मागे रेलला की त्याला ऐकू येते; आळसाचीही अशी सोय होऊ शकते.

आणि ती शीळ! सभा म्हटली की कर्ण्यातून एक कुईऽऽ असा आवाज येणारच, अशी आपली समजूत आहे. ध्वनिवर्धकातून बाहेर पडलेला आवाज परत ध्वनिक्षेपकात शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा आत शिरतो; स्वतःचेच बोलणे ऐकून अधिकाधिक मोठ्याने बोलणाऱ्या माणसाची जी गत, तीच. जितके ध्वनिक्षेपक एकदम उघडे, तितकी ही भीती जास्त. म्हणून यंत्रणेतच मर्यादा घालतात की एका वेळी चारच उघडे राहतील; पाचव्याने कळ दाबली तर त्याने थांबायचे. सभाशास्त्राची पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली ते एका तारेने करून दाखवले.

या व्यवस्थेत मला सर्वांत मोलाची वाटली ती एक गोष्ट. जुन्या सभागृहात मी एकदोनदा मागे बसले होते. तिथे राज्य असे ते गळ्याचे. ज्याचा गळा मोठा त्याचा प्रभाग मोठा. १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. जागा मिळाली, खुर्ची मिळाली, पण आवाज कायद्याने मिळत नाही. एक नगरसेविका मला आठवतात. बोलायला उठल्या की त्यांचे पहिले वाक्य पंख्यात जाई, दुसरे शेजारच्याच्या हसण्यात, आणि तिसरे त्या बोलतच नसत. माणसे म्हणत, बाई काही बोलत नाहीत. त्या बोलत होत्या. आपल्या आसनापुढे ध्वनिक्षेपक असणे याचा अर्थ ओरडायची गरज नसणे असा आहे, आणि घरात हळू बोलायला शिकवलेल्या निम्म्या समाजाला ही सोय लहान नाही.

पण याच यंत्रणेत एक कळ अध्यक्षांच्या हाती असते. ती दाबली की बाकी सगळे ध्वनिक्षेपक बंद होतात. माहितीपुस्तिकेत तिला दिलेल्या नावाचा अर्थ 'प्राधान्य' असा होतो. मी ते मराठीत लिहायला घेतले आणि थबकले. कुणाला प्राधान्य, हे त्या शब्दात कळत नाही, आणि दुसऱ्याचे तोंड बंद होते हे तर मुळीच कळत नाही. कार्यालयातल्या एका लिपिकाने 'गप्प' असे सुचवले. शब्द अचूक होता, पण शोभला नसता. शेवटी आम्ही ठरवले की कळ दाबताच प्रत्येक सदस्याच्या समोर 'अध्यक्ष बोलत आहेत' अशी अक्षरे उजळावीत. जे घडते तेच लिहावे. त्यापेक्षा गोड शब्द सापडला तर त्याच्याकडे संशयाने पाहावे.

इतक्यात अभियंत्याने सहज विचारले, "मॅडम, अध्यक्षांनी कळ सोडल्यावर बाकीचे माइक आपोआप पुन्हा सुरू करायचे, की बंदच ठेवायचे? दोन्ही करता येतं."

मी मुख्याधिकाऱ्यांकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे. ज्या प्रश्नावर विधिमंडळात दिवसभर चर्चा व्हावी तो प्रश्न एका तरुणाच्या संगणकावर दोन खुणांच्या रूपाने उभा होता, आणि आम्ही काही बोललो नसतो तर त्याने जेवणाच्या सुट्टीपूर्वी कुठलीही एक खूण करून टाकली असती. मुख्याधिकारी म्हणाले, "पुन्हा सुरू व्हायला हवेत. माणसाचं वाक्य अर्धं राहिलेलं असतं." मला ते वाक्य फार आवडले.

राहता राहिली ती मागची जागा. सभागृहाच्या मागच्या बाजूला नागरिकांसाठी एक उंच सज्जा बांधला आहे. त्याच्या पाटीसाठी मजकूर आला होता: 'प्रेक्षक कक्ष'. मी पाटी पाहायला वर गेले तेव्हा छताकडे नजर गेली. ध्वनिवर्धक सदस्यांसाठी होते, अधिकाऱ्यांसाठी होते, पाहुण्यांच्या कोचांपाशी होते. सज्जात एकही नव्हता. मी खाली येऊन मुख्याधिकाऱ्यांना म्हटले, "पाटीचं शुद्धलेखन बरोबर आहे. अर्थही बरोबर आहे. प्रेक्षक म्हणजे पाहणारा. इथे लोकांनी पडदा पाहायचा आहे, ऐकायचं काहीच नाही."

त्यांनी क्षणभर पाहिले आणि ते मोठ्याने हसले. पण नंतर ते स्वतः वर जाऊन बसले, मी खाली उभी राहून अंदाजपत्रकाचे एक पान मोठ्याने वाचले, आणि 'आहे-नाही'च्या ठिकाणी मुद्दाम आवाज उतरवला. खाली आल्यावर त्यांनी पाटी आणि छत दोन्ही बदलायला सांगितले. पाटी आता 'नागरिक कक्ष' अशी आहे.

नागरिकांनी सभा ऐकावी ही गोष्ट वाटते तितकी जुनी किंवा आपोआप मिळालेली नाही. ब्रिटनमध्ये स्थानिक संस्थांच्या सभांना जनतेला आणि वृत्तपत्रांना येऊ द्यावे असा कायदा १९६० साली झाला. त्याचे विधेयक एका नवख्या सदस्येने आणले होते, आणि ते मांडताना ५ फेब्रुवारी १९६० रोजी केलेले भाषण हे तिचे संसदेतले पहिलेच भाषण. तिचे नाव मार्गारेट थॅचर. पुढे त्यांच्या कारभाराविषयी ज्याचे त्याचे मत काहीही असो, पहिले भाषण दार उघडण्यासाठी केले ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे. पण उघड्या दारातून आत आलेल्या माणसाला काही ऐकूच आले नाही, तर दार उघडे असून काय उपयोग?

आमच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी मी सोबत नेले होते. वय ऐंशीच्या पुढे, कानाला यंत्र. त्यांच्याकडून मला समजले की श्रवणयंत्राने नुसता आवाज वाढतो, त्याबरोबर पंखा, खुर्च्या आणि खोकलाही वाढतो. त्यावर एक उपाय आहे. जागेभोवती तारेचे एक वेटोळे फिरवतात, ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या वेटोळ्यातून चुंबकीय रूपाने पसरतो आणि ज्या श्रवणयंत्रात तो पकडायची छोटी तार असते त्यात तो थेट उतरतो, मधला गलका वगळून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करण्याचे बंधन घातले आहे. आपण त्याचा अर्थ उतरंडीचा रस्ता एवढाच घेतो. सज्जाच्या फरशीखाली एक तार गेली; खर्च फरशीच्या मानाने किरकोळ होता.

२०२५ च्या डिसेंबरात एकदाची निवडणूक झाली आणि नव्या वर्षात सभागृह भरले. गुरुजी आणि मी सज्जात बसलो होतो. आमच्या गल्लीच्या जलवाहिनीचा प्रश्न एका तरुण नगरसेविकेने विचारला. आवाज चढवला नाही, हात आपटला नाही; समोरचे लाल वर्तुळ उजळले आणि ती घरात बोलावे तशी बोलली. शेवटच्या खुर्चीपर्यंत शब्द न्‌ शब्द पोचला. उत्तरही पोचले. लांब होते, नम्र होते, आणि शेवटी 'या वर्षी घेता येणार नाही' असे होते.

मी गुरुजींकडे पाहिले. मला वाटले ते खट्टू होतील. त्यांनी खिशातून वही काढली होती आणि ते तारीख लिहून घेत होते.

"गुरुजी, नाही म्हणाले ते," मी म्हटले.

"ऐकलं की!" ते म्हणाले. "दहा वर्षं झाली पोरी, दर खेपेला घरी जाऊन सांगायचो, बहुतेक होणार आहे. आता 'नाही' कानांनी ऐकलं. आता अर्ज कुणाकडे आणि कधी करायचा ते कळलं."

आणि खरोखरच ते दुसऱ्या दिवशी अर्जाचा मसुदा घेऊन माझ्याकडे आले, ऱ्हस्वदीर्घ तपासायला.